पॉडकास्ट, ब्लॉग आणि विद्यापीठातला तास: कोणतं साधन कशासाठी, आणि गाडी कुठे अडते

अध्यापनात वेबची साधनं आणायची ठरलं की पहिला प्रश्न निघतो तो ‘कोणतं ॲप घ्यायचं?’ हा. खरं तर तो सगळ्यात शेवटी विचारायचा प्रश्न आहे. आधी ठरवायचं ते वेगळंच: हे साधन हाती आल्यावर विद्यार्थी असं काय करणार आहे, जे आज तो करत नाही? याचं उत्तर एका वाक्यात देता येत नसेल, तर साधन कितीही चांगलं असलं तरी तिसऱ्या आठवड्यात त्याच्याकडे कुणी फिरकत नाही.

२००४ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने पहिल्या वर्षाच्या सुमारे १,६५० विद्यार्थ्यांना सरसकट आयपॉड दिले. व्याख्यानं, भाषेचे धडे, संगीत असं सगळं खिशात राहील, ही त्यामागची अपेक्षा. वर्षअखेरीस आढावा घेतला, तेव्हा अभ्यासासाठी सर्वाधिक वापर झाला होता तो रेकॉर्डिंगच्या सोयीचा. पुढच्या वर्षी उपकरणं सरसकट न वाटता, ज्या अभ्यासक्रमांत त्यांचं ठरलेलं काम होतं तिथेच दिली गेली. ऐकायला म्हणून दिलेली वस्तू मुलांनी नोंदवायला वापरली, ही या विषयात पडणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. पॉडकास्ट असो वा ब्लॉग, विद्यार्थ्याच्या हाताला काम मिळतं तिथे शिकणं होतं; नुसतं पुरवलेलं साहित्य पडून राहतं.

पॉडकास्ट म्हणजे नेमकं काय

पॉडकास्टचे दोन भाग असतात. एक ऑडिओ फाइल. दुसरा म्हणजे ‘फीड’ नावाची लहानशी मजकुराची फाइल, जिच्यात प्रत्येक भागाचं नाव, तारीख, वर्णन आणि ऑडिओचा पत्ता नोंदलेला असतो. आरएसएस या फीडच्या पद्धतीत ऑडिओ जोडायची सोय २००० च्या अखेरीस आली आणि जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टना जागा दिल्यावर ती घरोघरी पोचली. शिक्षकाच्या दृष्टीने फीडचं महत्त्व एवढंच, की विद्यार्थी एकदा सबस्क्राइब करतो आणि पुढचा भाग वायफाय मिळालं की आपोआप त्याच्या फोनमध्ये उतरतो. प्रवासात, नेट नसताना तो ऐकता येतो. दर आठवड्याला ग्रुपवर लिंक टाकत राहिलात तर हा फायदा जातो. लिंक शंभर मेसेजखाली गाडली जाते आणि ‘सर, तो तिसरा भाग परत पाठवता का?’ हे सुरू होतं.

फीड खाजगी ठेवता येतं, पण ‘खाजगी’ या शब्दावर फार विसंबू नका. बहुतेक सेवांमध्ये त्याचा अर्थ एवढाच असतो, की पत्ता लांबलचक आणि ओळखता न येणारा असतो. तो पत्ता ज्याच्या हाती पडेल तो ऐकू शकतो. त्यामुळे कुणाचे गुण, कुणाच्या उत्तरातली चूक नावानिशी सांगणं, यातलं काहीही फीडवर नको. मूडलसारखी शिक्षण-व्यवस्थापन प्रणाली विद्यापीठात आधीच असेल तर लॉगिनमागे ठेवलेली फाइल अधिक सुरक्षित. मात्र तिथे आपोआप उतरण्याची सोय सहसा मिळत नाही. दोन्हींतलं काय सोडायचं ते मजकूर पाहून ठरवा.

कानाला काय झेपतं

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी उपयोगाचा मार्ग म्हणजे तासाभराचं व्याख्यान जसंच्या तसं रेकॉर्ड करून चढवणं. ज्याचा तास बुडाला त्याला आणि परीक्षेआधी एखादा मुद्दा पुन्हा ऐकणाऱ्याला त्याची मदत होते, म्हणून ते जरूर ठेवा. पण त्याला ‘ध्वनिमुद्रण’च म्हणा आणि वर्णनात मिनिटांनुसार मुद्दे लिहा (१२:४० ला अमुक सिद्धान्त, ३१:०० ला उदाहरण). फळ्याकडे बोट दाखवून ‘हे इथून इकडे गेलं’ असं म्हटलेलं ऐकणाऱ्याला काडीचं कळत नाही, हेही ध्यानात असू द्या.

मुद्दाम तयार केलेला छोटा भाग ही वेगळी गोष्ट. ऑडिओत चांगलं उतरतं ते असं: भाषेचे उच्चार आणि संवाद, एखाद्या प्रकरणावर दोघांची चर्चा, बाहेरच्या तज्ज्ञाची मुलाखत, मागच्या परीक्षेत सर्रास झालेल्या चुका, आणि पुढच्या धड्याआधी मनात जागा करणारा प्रश्न. सूत्रांची सिद्धता, आकृत्या, नकाशे, संगणकाचा कोड मात्र कानाने शिकवायला जाऊ नका. वाचताना डोळा मागे जाऊन आधीची ओळ पाहून येतो. ऐकताना आधीची पायरी लक्षात धरून ठेवावी लागते, आणि चौथ्या-पाचव्या पायरीला ती सुटतेच.

लांबी किती? २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावरच्या अभ्यासक्रमांतल्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांची पाहणी प्रसिद्ध झाली; व्हिडिओ कितीही लांब असला तरी तो पाहण्याचा मध्यक-वेळ सहा मिनिटांच्या आसपासच घुटमळत होता. ऑडिओ चालता-फिरता ऐकतात, त्यामुळे थोडी सूट घेता येते. आठ ते बारा मिनिटं, आणि एका भागात एकच संकल्पना, हे माप बहुतेक विषयांना पुरतं.

असा एक भाग जवळून पाहू. विषय संख्याशास्त्र, मुलं प्रमाण विचलन आणि प्रमाण त्रुटी यांत गल्लत करतात. प्रास्ताविक, स्वागत, ‘आजच्या भागात आपण पाहणार आहोत’ हे सगळं वगळून थेट प्रश्नाने सुरुवात करा: ‘१०० जणांची उंची मोजली. प्रमाण विचलन आलं ८ सेंटिमीटर. आता १०० ऐवजी ४०० जण मोजले, तर हे ८ सेंटिमीटर कमी होईल का? भाग थांबवा आणि उत्तर लिहा.’ मग पाच-सहा सेकंद खरोखर शांतता ठेवा. त्यानंतर तीन मिनिटांत सांगा, की माणसामाणसांतला उंचीचा फरक जास्त माणसं मोजल्याने घटत नाही. तो ८ च्या आसपासच राहणार. घटते ती सरासरीबद्दलची अनिश्चितता, म्हणजेच प्रमाण त्रुटी. ती काढायला प्रमाण विचलनाला माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचं: १०० जणांसाठी ८ भागिले १०, म्हणजे ०.८ सेंटिमीटर, ४०० जणांसाठी ८ भागिले २०, म्हणजे ०.४. पुढची दोन-तीन मिनिटं एखाद्या तक्त्यात यांतली कोणती संख्या दिली आहे हे कसं ओळखायचं, त्यावर. शेवटी दुसरा प्रश्न, ज्याचं उत्तर भागात द्यायचं नाही: ‘अनिश्चितता ०.१ सेंटिमीटरवर आणायची तर किती जण मोजावे लागतील? उत्तर कागदावर लिहून तासाला आणा.’ (उत्तर ६,४००. अनिश्चितता आठपट कमी करायला माणसं चौसष्टपट लागतात, याचा धक्का वर्गातच बसू द्यावा.)

मधली शांतता आणि शेवटचा प्रश्न काढून टाकला, तर उरतं ते चांगलं वाचन. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं, की मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्यानंतर पुढे जातात ते स्वतःला आठवायला लावणारे. तेव्हा भाग कितीही रंगतदार असो, त्यात आठवायला लावणारी एक जागा हवीच. आणि तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत तो कागद पाहिला गेलाच पाहिजे. दोनदा विचारलं नाही की वर्गाला समजतं: ऐकलं काय आणि नाही काय, सारखंच.

रेकॉर्डिंग: बिघडतं ते बहुतेक खोलीत

महाग माईकपेक्षा खोली महत्त्वाची. रिकाम्या, फरशीच्या, उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो, आणि एकदा नोंदलेला घुमारा नंतर निघत नाही. पडदे, पुस्तकांची कपाटं, गादी, सतरंजी असलेली लहान खोली निवडा. पंखा आणि एसी बंद. फोन विमान मोडवर. फक्त सायलेंट केल्याने टेबलावरची थरथर माईकमध्ये येते.

तोंड माईकपासून १० ते १५ सेंटिमीटरवर, आणि माईक तोंडासमोर न धरता किंचित बाजूला. तसं केलं की ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना निघणारा वाऱ्याचा झोत थेट त्यावर आदळत नाही. बोलताना पातळीचा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास टेकला पाहिजे. तो शून्याला लागला तर आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. थोडा हळू नोंदला गेला तर वाढवता येतो. ब्लूटूथ हेडफोनचा माईक वापरू नका. माईक सुरू झाला की ही उपकरणं फोन-कॉलच्या दर्जावर उतरतात आणि आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. साध्या वायरच्या इअरफोनचा माईक त्यापेक्षा बरा, फक्त तो कपड्यांना घासणार नाही असा धरा.

सुरुवातीला पाच सेकंद काहीही न बोलता रेकॉर्डिंग चालू ठेवा. हा खोलीचा स्वतःचा आवाज, आणि नंतर खरखर काढायला तोच नमुना लागतो. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरेसं आहे. क्रम असा ठेवा: त्या पाच सेकंदांवरून खरखरीचा नमुना घ्या आणि सगळ्या ध्वनिफितीवर ६ ते १२ डेसिबलपर्यंतच खरखर कमी करा, त्याहून जास्त ओढलं तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. मग ८० हर्ट्झखालचा गुरगुराट छाटा. नंतर चुका कापा, पण श्वास सगळे कापू नका. विनाश्वास बोलणारा माणूस ऐकवत नाही. शेवटी आवाजाची एकूण पातळी बसवा: मोनो (एकाच वाहिनीच्या) फाइलसाठी उणे १९ आणि स्टिरिओसाठी (दोन वाहिन्यांच्या) उणे १६ एलयूएफएस; एलयूएफएस म्हणजे कानाला आवाज किती मोठा वाटतो याचं माप. ही पायरी विसरली की एक भाग कुजबुजल्यासारखा आणि पुढचा दचकवणारा होतो.

एमपीथ्री करताना ६४ केबीपीएस (सेकंदाला किती माहिती साठवायची याचं माप) मोनो ठेवा. एकट्या माणसाच्या बोलण्याला तेवढं पुरतं आणि १२ मिनिटांचा भाग पावणेसहा एमबीत बसतो. १२८ वर तोच साडेअकरा एमबी होतो आणि बोलण्यात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. मूळ वेव्ह फाइल (न दाबलेली, १२ मिनिटांना साधारण ६४ एमबी) मात्र जपून ठेवा, कारण एमपीथ्री उघडून पुन्हा एमपीथ्री केली की दर वेळी दर्जा घसरतो. फाइलच्या नावात विषय, भागाचा क्रमांक आणि वर्ष असू द्या. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ अशी नावं पुढच्या सत्रात तुम्हालाच छळतील.

प्रत्येक भागासोबत मजकूर द्या. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तो अनिवार्यच आहे. वेबच्या सुलभतेचे डब्ल्यूसीएजी हे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांच्या अगदी पायाभूत पातळीवरच आधी रेकॉर्ड केलेल्या ऑडिओला मजकुराचा पर्याय मागितला आहे. शिवाय परीक्षेआधी शब्द शोधायला बाकीचेही त्याच्याकडेच वळतात. यंत्राने केलेला मजकूर घेतलात तर पारिभाषिक शब्द, विशेषनामं आणि आकडे एकदा डोळ्यांखालून घालाच. यंत्र चुकतं ते नेमकं तिथेच, आणि ‘नाही’ गळालं की वाक्याचा अर्थच उलटतो.

पहिल्या भागाला टिपणापासून मजकुरापर्यंत तीन-चार तास धरा. हात बसल्यावर तो वेळ निम्म्यावर येतो. म्हणून सगळा अभ्यासक्रम ऑडिओत आणायचा विचारही करू नका. मुलं दर वर्षी अडखळतात अशा पाच-सहा जागा निवडा.

विद्यार्थ्यांनीच पॉडकास्ट करायचा असेल तर तिघांचा गट, आठ ते दहा मिनिटांचा एक भाग आणि पाच आठवडे असं माप ठेवा. पहिल्या आठवड्यात प्रश्न आणि तीन स्रोत, दुसऱ्यात एका पानाचा आराखडा, तिसऱ्यात मुलाखत किंवा रेकॉर्डिंग, चौथ्यात कच्चा भाग दुसऱ्या गटाने ऐकून दिलेला अभिप्राय, पाचव्यात अंतिम भाग. गुण आराखड्याला, स्रोतांना आणि दुरुस्तीला जास्त द्या, आवाजाच्या झळाळीला कमी. नाहीतर ज्याच्या घरी चांगला माईक तो पुढे जातो. मुलाखत द्यायला आलेल्या माणसाची संमती लेखी घ्या आणि हा भाग कुठे, किती काळ राहील हे त्याला आधी सांगा. पार्श्वसंगीत लागलंच तर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचं (म्हणजे निर्मात्याने काही अटींवर मोफत वापरू दिलेलं) घ्या, पण परवाना वाचून. ‘एनडी’ असेल तर त्या संगीतात बदल करून वाटता येत नाही, आणि बोलण्याखाली ते मिसळणं बहुधा बदलातच मोडतं.

ब्लॉग: लिहिणारे साठ, वाचणारा एकही नाही

ब्लॉग वर्गात फसतो तो जवळजवळ नेहमी एकाच रीतीने. ‘दर रविवारी ३०० शब्द लिहा आणि दोघांच्या लेखनावर प्रतिक्रिया द्या’ असं सांगितलं जातं. रविवारी रात्री अकरा ते बाराच्या दरम्यान साठ नोंदी पडतात. त्यांच्याखाली ‘छान लिहिलंस’, ‘सहमत’ एवढंच. शिक्षकाने प्रत्येक नोंदीला पाच मिनिटं दिली तरी आठवड्याचे पाच तास जातात, म्हणून चौथ्या आठवड्यापासून तोही वाचत नाही. मग हा सगळा खटाटोप वहीतल्या गृहपाठासारखाच होतो, फक्त टाइप केलेला.

उपाय वेळापत्रकात आहे. वर्गाचे तीन भाग करा. या आठवड्यात पहिले वीस जण लिहितील (गुरुवारपर्यंत), दुसरे वीस प्रतिसाद देतील (शनिवारपर्यंत), आणि तिसरे वीस चर्चेतले मुद्दे गोळा करून सोमवारच्या तासाला पाच मिनिटांत मांडतील. पुढच्या आठवड्यात पाळी बदलते. शिक्षकाला वाचायच्या नोंदी वीस, वेळ एक तास चाळीस मिनिटं. लिहिणाऱ्याला वाचक मिळतो, आणि नोंदीचा उल्लेख वर्गात होणार हे ठाऊक असल्याने लेखन सुधारतं. हा शेवटचा धागा सर्वांत मोलाचा आहे: तासाला वेबवरच्या चर्चेतलं एखादं वाक्य फळ्यावर आलंच पाहिजे.

प्रश्न कसा विचारला यावर निम्मं यश ठरतं. ‘महागाईच्या कारणांवर तुमचे विचार मांडा’ याला साठ एकसारखी उत्तरं येतात. त्याऐवजी असं विचारा: ‘या आठवड्याच्या प्रकरणात महागाईची जी कारणं आली त्यांतलं एक घ्या. त्या कारणाने नीट उलगडत नाही अशी एक बातमी किंवा आकडेवारी शोधा, तिचा दुवा द्या, आणि प्रकरणातलं स्पष्टीकरण तिथे कुठे अपुरं पडतं ते २५० ते ३५० शब्दांत लिहा. शेवटी असा एक प्रश्न लिहा ज्याचं उत्तर तुम्हाला स्वतःला माहीत नाही.’ आता प्रत्येकाला वेगळी बातमी शोधावी लागते, आणि शेवटच्या प्रश्नामुळे प्रतिसाद देणाऱ्याला धरायला टोक मिळतं. तयार लेखन देणाऱ्या एआय साधनांच्या काळातही असा प्रश्न थोडा अधिक टिकतो, कारण सोमवारी ‘ही बातमी तू का निवडलीस?’ असं विचारता येतं आणि खरं लिहिलेल्याला ते सांगता येतं. निव्वळ एआय-शोधकांच्या निकालावरून कुणाला दोषी मात्र ठरवू नका. स्वतः लिहिणाऱ्यांवरही ते खोटा आळ आणतात.

प्रतिसादाचेही नियम हवेत. तीनच प्रकार मान्य करा: नवा पुरावा जोडणं, नेमका प्रश्न विचारणं, किंवा उलट उदाहरण देणं. पहिले दोन आठवडे शिक्षकाने स्वतः नमुने घालून द्यावेत: ‘तुझ्या दुसऱ्या परिच्छेदात तू मागणी वाढल्याचं म्हणतोस, पण दुव्यातला तक्ता पुरवठा घटल्याचं दाखवतो. यातलं कोणतं धरायचं?’ एवढं पुरतं. मग तिसऱ्या आठवड्यापासून शिक्षकाने मुद्दाम मागे राहावं. प्रत्येक नोंदीखाली पहिला प्रतिसाद शिक्षकाचा आला की मुलं गप्प बसतात. निकाल लागलाच आहे, आता काय बोलायचं, असं त्यांना वाटतं.

गुणांसाठी साधी मोजपट्टी पुरते: नोंद नाही तर ०, विषय फक्त सांगितला तर १, पुराव्यानिशी मांडला तर २, प्रकरणातल्या मुद्द्याशी झगडून नवं काही दाखवलं तर ३. प्रत्येक नोंदीवर बारीक गुणदान केलं की मुलं धोका पत्करत नाहीत. सत्राअखेरीस प्रत्येकाने आपल्या तीन नोंदी निवडून, सुधारून, आज आपण त्यांत काय बदलू हे प्रत्येकी शंभर शब्दांत लिहून द्यावं, आणि मोठा भार त्या संचाला द्यावा.

सगळ्यांचा एकच ब्लॉग की प्रत्येकाचा वेगळा? पहिल्यांदा करताना एकच बरा. पासवर्ड विसरणं, सेटिंग बिघडणं या भानगडी कमी होतात. वेगळे ब्लॉग केले तर त्यांची फीडं एका मुख्य पानावर ओढून आणावी लागतात, नाहीतर साठ पत्ते कुणीच उघडत नाही. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाच्या २००८ च्या सीसीके-०८ या ऑनलाइन अभ्यासक्रमाने हेच केलं होतं: शुल्क भरलेले विद्यार्थी पंचवीसच्या आसपास, बाहेरून मोफत जोडले गेलेले दोन हजारांहून जास्त, आणि सगळ्यांचं विखुरलेलं लेखन गोळा करून रोज एक बातमीपत्र जाई. अमेरिकेतल्या मेरी वॉशिंग्टन विद्यापीठाने पुढे विद्यार्थ्यांना स्वतःचं डोमेन (वेबवरचा पत्ता) आणि वेबसाइट द्यायला सुरुवात केली. पदवीनंतरही आपलं लेखन आपल्याच हाती राहावं, हा त्यामागचा विचार मला फार योग्य वाटतो, पण त्यासाठी तांत्रिक मदतीला हाकेच्या अंतरावर माणूस हवा.

लेखन जगाला दिसावं का, हा निर्णय विद्यार्थ्याचा असावा. फक्त वर्गापुरतं, टोपणनावाने सार्वजनिक, खऱ्या नावाने सार्वजनिक असे तीन पर्याय द्या, पहिला आपोआप लागू असू द्या, आणि कोणताही निवडला तरी गुण तेवढेच. अठराव्या वर्षी एखाद्या वादाच्या विषयावर लिहिलेली कच्ची नोंद नोकरीच्या मुलाखतीआधी कुणी शोधून काढू शकतं. टोपणनाव आणि खरं नाव यांची यादी शिक्षकाने स्वतःपाशी ठेवावी, कुठल्याही शेअर केलेल्या तक्त्यात नाही.

बाकीची साधनं, थोडक्यात

एकत्र लेखनासाठी सामायिक दस्तऐवज उत्तम, कारण कुणी काय आणि कधी लिहिलं याचा इतिहास त्यात राहतो. गटात एकाच्या अंगावर काम पडलं का, हे भांडणाआधीच दिसतं. ‘सगळं मी वेगळीकडे लिहून शेवटी चिकटवलं’ ही पळवाट बंद करायला सुरुवातीलाच सांगा, की मसुदा त्या दस्तऐवजातच वाढला पाहिजे.

वेबवरच्या मजकुराला समासात टिपा लिहिण्याची साधनं (हायपोथिसिस हे त्यांतलं मोफत आणि परिचित) अवघड वाचनाला फार उपयोगी पडतात. साठ जणांना एकाच पानावर सोडलं तर पहिला परिच्छेद पिवळाधमक होतो आणि शेवटचा कोरा राहतो. सहा ते आठ जणांचे गट करा, प्रत्येकाला मजकुराचा ठरावीक भाग द्या, आणि तीन टिपा मागा: एक न कळलेलं, एक आक्षेप, एक दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर.

विकिपीडियावर लेख लिहायला लावायचं असेल तर नवा लेख थेट चढवू देऊ नका. उल्लेखनीयता सिद्ध करणारे स्वतंत्र स्रोत नसले, मत मांडलं किंवा पुस्तकातली वाक्यं थोडी फिरवून घातली, की संपादक ते काढून टाकतात आणि सत्राचं काम जातं. मसुदा धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर) करा. आणि नव्या लेखापेक्षा असलेल्या अपुऱ्या लेखात दोन परिच्छेद आणि पाच भक्कम संदर्भ घालणं विद्यार्थ्याला जास्त शिकवतं.

सुरुवात आणि शेवट

पहिल्या सत्रात एकच साधन, एकाच घटकासाठी. सत्राच्या पहिल्या आठवड्यात गुण नसलेलं सराव-काम द्या (‘नोंद टाका, त्यात एक दुवा आणि एक चित्र घाला, एका नोंदीला प्रतिसाद द्या’), म्हणजे लॉगिनच्या अडचणी खऱ्या कामाआधी निपटतात. साधन निवडताना ते साध्या फोनवर आणि मंद नेटवर चालतं का, स्क्रीन-रीडरने (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने) वाचता येतं का, किती वैयक्तिक माहिती मागतं हे स्वतः विद्यार्थ्याचं खातं उघडून पाहा. शिक्षकाच्या खात्यातून सगळं नेहमीच सुरळीत दिसतं. मुदतीच्या रात्री साइट बंद पडली तर काम कुठे पाठवायचं, हे आधीच लिहून ठेवा.

आणि बाहेर पडायची वाट पहिल्याच दिवशी शोधा. गूगल रीडरवर कित्येकांनी आपली फीडं सांभाळली होती, ते २०१३ मध्ये बंद झालं. विद्यापीठांची व्याख्यानं साठवणारं आयट्यून्स यू २०२१ च्या अखेरीस गेलं. नोंदींमध्ये दिलेले बाहेरचे दुवेही मरतात, म्हणून महत्त्वाचं पान इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करून त्याचा पत्ता मूळ दुव्याशेजारी द्यायची सवय मुलांना लावा. सत्र संपल्यावर दोन आठवड्यांत प्रत्येक विद्यार्थ्याला आपलं लेखन उतरवून घेऊ द्या, ज्यांना नको त्यांचं पुसा, मुलाखतींच्या मूळ फाइल संमतीत लिहिलेल्या मुदतीप्रमाणे नष्ट करा. वर्डप्रेसचा ब्लॉग असेल तर निर्यात केलेल्या फाइलमध्ये मजकूर आणि प्रतिसाद येतात, चित्रं आणि ऑडिओ मात्र येत नाहीत. फक्त त्यांचे पत्ते येतात. तेव्हा ती वेगळी उतरवून घ्या, आणि जुनी साइट चालू असतानाच ती फाइल दुसऱ्या रिकाम्या साइटवर घालून सगळं उघडतंय ना, हे तपासा.